एकट्याने, एसटीने, हिवाळ्यात: रतनगड ते हरिश्चंद्रगड पदभ्रमणासाठी मार्गदर्शन हवे

पाऊलवाट:

नमस्कार. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रतनगड ते हरिश्चंद्रगड ही डोंगरयात्रा एकट्याने करण्याचा माझा विचार आहे. माझ्याकडे स्वतःचे वाहन नाही. असते तरी या वाटेवर त्याचा उपयोग नव्हता, कारण चालणे जिथे सुरू होते आणि जिथे संपते ती गावे डोंगररांगेच्या दोन टोकांना आहेत. त्यामुळे संपूर्ण प्रवास लोकल, एसटी आणि गरज पडलीच तर काळी-पिवळी जीप यांच्या आधारे आखायचा आहे.

मी डोंबिवलीत राहतो. दोन्ही गड गिर्यारोहण संस्थांबरोबर वेगवेगळ्या वेळी पाहिलेले आहेत, रतनगड रतनवाडीकडून आणि हरिश्चंद्रगड पाचनईकडून. मधला कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई हा टप्पा मात्र मी चाललेलो नाही.

कच्चा आराखडा असा आहे. पहिल्या दिवशी कल्याणहून माळशेज घाटमार्गे जाणाऱ्या एसटीने खुबी फाट्यावर उतरून खिरेश्वर गाठायचे आणि तोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला जायचे. दुसऱ्या दिवशी पाचनईला उतरून कुमशेतला मुक्काम. तिसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून थेट रतनगडावर, आणि चौथ्या दिवशी रतनवाडीत उतरून शेंडी, घोटी, कसारा या मार्गाने घरी.

ही दिशा योग्य आहे का, मुक्काम गडावर करावा की गावात, थंडीची तयारी कितपत लागेल आणि हा मार्ग एकट्याने चालण्याजोगा आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मुक्कामी गाडी:

आपला मार्ग उत्तम आहे, पण दिशा उलटी करा, असे मी आग्रहाने सुचवेन. त्याचे कारण डोंगरात नाही, एसटीच्या वेळापत्रकात आहे.

स्वतःच्या वाहनाने जाणारा माणूस चालण्याचे नियोजन सुरुवातीपासून करतो. एसटीने जाणाऱ्याने ते शेवटापासून करावे. शेवटच्या दिवशी आपण थकलेले असतो, आणि खाली उतरायला नेमका किती वेळ लागेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. अशा वेळी जिथे दिवसभरात एखाददुसरीच गाडी येते अशा गावी उतरणे म्हणजे चालताना सतत घड्याळाकडे पाहणे, आणि डोंगरउतारावर घाई करण्यासारखी धोक्याची गोष्ट दुसरी नाही. रतनवाडी हे असेच, रस्ता जिथे जवळजवळ संपतो तिथले गाव आहे. याउलट खुबी फाटा कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर आहे आणि त्या मार्गावर दोन्ही बाजूंनी दिवसभर गाड्या धावत असतात. म्हणून गाड्या विरळ आहेत तिथून सुरुवात करावी आणि गाड्या भरपूर आहेत तिथे शेवट करावा. पहिल्या दिवशी शेंडीला दोन तास ताटकळावे लागले तरी बिघडत काहीच नाही, कारण त्या दिवशी आपल्याला फक्त मुक्कामाच्या गावी पोहोचायचे असते.

प्रवास साधारण असा होईल. पहाटेच्या लोकलने कसारा. स्थानकाबाहेर नाशिककडे जाणाऱ्या जीप मिळतात, त्यातून घोटीला उतरायचे. घोटीहून भंडारदऱ्याच्या बाजूने राजूर–अकोले (अहिल्यानगर जिल्हा) या बाजूला जाणारी एसटी कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावावरून जाते. तिने शेंडीला उतरावे. शेंडी म्हणजेच भंडारदरा धरणाचे गाव. तिथून रतनवाडीचा रस्ता जलाशयाला वळसा घालून जातो. या टप्प्यावर एसटी मोजकीच आहे. ती न मिळाल्यास जीप पाहावी. इगतपुरीला थांबणारी लांब पल्ल्याची रेल्वे मिळत असेल तर तोही पर्याय चांगला, कारण घोटी तिथून अगदी जवळ आहे.

दुर्गम गावांच्या बाबतीत ‘मुक्कामी गाडी कोणती’ हा प्रश्न आगाराच्या चौकशी खिडकीवर आवर्जून विचारावा. संध्याकाळी गावात येऊन तिथेच रात्र काढणारी आणि पहाटे तालुक्याकडे परतणारी ही गाडी गावकऱ्यांच्या कामाची असते, म्हणून इतर फेऱ्यांपेक्षा ती अधिक भरवशाची असते. माहिती महाजालावरून घेण्यापेक्षा प्रवासाच्या आदल्या दिवशी आगारात दूरध्वनी करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट आपण निवडलेल्या महिन्याशी थेट जोडलेली आहे. डिसेंबर आणि जानेवारी हे शालेय सहलींचे महिने आहेत. एसटी महामंडळ शाळांना सवलतीच्या दरात गाड्या देते, त्या गाड्या आगारांतूनच जातात, आणि मग कमी उत्पन्नाच्या ग्रामीण फेऱ्या अचानक रद्द होतात. कालपर्यंत येणारी गाडी आज आली नाही, तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

रविवारी परतणे टाळता आले तर टाळा. मध्य रेल्वेवर त्या दिवशी मेगाब्लॉक असतो, आणि संध्याकाळी माळशेजकडून येणाऱ्या गाड्यांत पाठीवरच्या सॅकसह उभे राहायलाही जागा मिळत नाही.

प्रवराकाठ:

मी राजूर परिसरात राहतो, म्हणून मधल्या टप्प्याविषयी लिहितो. वरच्या प्रतिसादातील दिशेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे.

रतनवाडीहून रतनगडाकडे जाणारी वाट प्रवरेच्या पात्राच्या सोबतीने जंगलात शिरते. या जंगलात एका ठिकाणी वाट फुटते. एक फाटा उजवीकडे चढून लोखंडी शिड्यांकडे व तिथून गणेश दरवाजाकडे जातो, दुसरा सरळ कात्राबाईच्या खिंडीकडे. गडाकडे जाणारी वाट रोजच्या वर्दळीने रुंद झालेली आहे. खिंडीकडची वाट त्यामानाने बारीक आहे, आणि पावसाळ्यानंतर वाढलेले गवत जानेवारीपर्यंत वाळून आडवे झालेले असते, त्यामुळे गुरांच्या वाटा व माणसांच्या वाटा यांतला फरक नवख्या डोळ्यांना कळत नाही. खिंडीत कात्राबाई देवीचे ठाणे आहे. खिंडीच्या माथ्यावर पोहोचल्यावर अजापर्वत आणि कुमशेतचा कोंबडा ही शिखरे समोर येतात आणि पुढची दिशा स्पष्ट होते. अडचण आहे ती खिंडीच्या आधीच्या दाट जंगलात, जिथे उंच झाडांमुळे एकही ओळखीचे शिखर दिसत नाही.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा की रतनवाडी ते खिंडीचा माथा एवढ्या टप्प्यासाठी रतनवाडीतील एखादा जाणता माणूस सोबत घ्यावा. माथ्यावरून त्याने परत फिरावे आणि आपण एकट्याने कुमशेतला उतरावे. यामुळे आपली एकट्याची यात्रा कमी प्रतीची ठरते असे कृपया मानू नका. इकडचे महादेव कोळी आणि ठाकर समाजाचे लोक या रानात पिढ्यानपिढ्या वावरलेले आहेत. त्यांच्याबरोबर दोन-तीन तास चालल्यावर पाण्याची जागा, मधमाश्यांची पोळी, कुठल्या ओढ्याने चुकूनही उतरू नये, अशा ज्या गोष्टी कळतात त्या कोणत्याही नकाशात सापडणार नाहीत. मोबदला निघण्यापूर्वी ठरवावा आणि रोख द्यावा. या पट्ट्यात मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही, त्यामुळे फोनवरून पैसे देण्याची पद्धत इथे चालत नाही. शंभर-पन्नासच्या नोटा पुरेशा जवळ ठेवा.

कुमशेतहून पाचनईला जाताना मुळा नदी ओलांडावी लागते. जानेवारीत पाणी कमी असते आणि दगडांवरून पलीकडे जाता येते. हा टप्पा मोकळ्या पठारांचा आणि शेतवाड्यांचा आहे, वाट विचारायला माणसे भेटतात, म्हणून एकट्याने चालायला तो निर्धोक आहे. साधारण तीन ते चार तास लागतात. कुमशेत आणि पाचनई ही दोन्ही गावे रस्त्याने राजूरशी जोडलेली आहेत हेही ध्यानात असू द्या. प्रकृती बिघडली किंवा मन मागे घेतले, तर या दोन्ही ठिकाणी यात्रा थांबवून राजूर गाठता येते.

जेवणाविषयी एक वाक्य लिहिल्यावाचून राहवत नाही. भाताची कापणी-मळणी उरकलेली असते, घराघरात नवा तांदूळ आलेला असतो, आणि थंडीच्या दिवसांत चुलीवर हुलग्याची शेंगोळी शिजत असतात. नागलीची भाकरी आणि शेंगोळी मिळाली, तर सॅकमधली तयार शेवयांची पाकिटे बाहेर काढू नका.

रानजाई:

मी या भागात आणि बागलाणात एकटीने, एसटीनेच फिरते. मुक्काम, थंडी आणि सामान यांविषयी लिहिते.

मुक्काम गावात करावा, असे माझे मत आहे. हा सगळा प्रदेश कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. तपासणी नाक्यावर नोंद करून प्रवेशशुल्क भरावे लागते, आणि अभयारण्यात आग पेटवण्यास मनाई आहे. गडावर रात्री राहण्याविषयीचे नियम वन विभाग वेळोवेळी बदलतो, म्हणून पाचनईच्या नाक्यावर विचारल्याशिवाय माथ्यावरचा मुक्काम गृहीत धरू नये. गावात राहिल्याने दुसराही मोठा फायदा होतो. एकट्या माणसाला तंबू, चूल, भांडी यांचे ओझे कोणाबरोबर वाटून घेता येत नाही, आणि गावातल्या मुक्कामाने ते ओझेच नाहीसे होते. ज्या घरी आपण रात्री जेवलो त्या घराला आपण सकाळी कुठे निघालो हेही ठाऊक असते, आणि एकट्याने चालणाऱ्यासाठी ही फार मोलाची सुरक्षितता आहे. स्त्रियांना तर मी आवर्जून सांगेन की शाळेच्या ओसरीपेक्षा किंवा देवळापेक्षा नांदत्या घरातला मुक्काम केव्हाही चांगला. आशाताई, अंगणवाडीताई किंवा पोलीस पाटील यांच्याकडे विचारणा केली, की सोय होते.

थंडीविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. जितके उंच जावे तितकी रात्रीची थंडी अधिक, असे आपण धरून चालतो. जानेवारीच्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री अनेकदा उलटे घडते. जमीन उष्णता वेगाने बाहेर टाकते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून वाहत जाऊन दरीच्या तळाशी साचते. त्यामुळे नदीकाठच्या किंवा जलाशयालगतच्या सखल जागी पहाटे जो कडाका जाणवतो तो वरच्या डोंगरसोंडेवर नसतो. माथ्यावर त्रास होतो तो वाऱ्याचा. म्हणून लोकरी कपड्यांइतकेच वारा अडवणारे पातळ जाकीट महत्त्वाचे आहे. कानटोपी, हातमोजे, झोपण्यासाठी वेगळे ठेवलेले कोरडे मोजे आणि जमिनीचा गारठा अडवणारी जाड चटई या चार गोष्टींत काटकसर करू नये. सुती बनियन घालून चढू नका. चढावर घामाने भिजलेले सुती कापड खिंडीतल्या वाऱ्यात अंगावर वाळत नाही आणि शरीर झपाट्याने गारठते. पहाटे दव इतके पडते की बाहेर राहिलेली वस्तू पाण्यातून काढल्यासारखी होते.

गॅसची डबी किंवा रॉकेलची चूल नेण्याचा विचार असेल तर तो सोडावा. रेल्वेत ज्वालाग्राही पदार्थ नेण्यास कायद्याने बंदी आहे, आणि गर्दीच्या लोकलमध्ये ते नेणे इतरांच्या जिवाशी खेळणे आहे. दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, भाजलेले चणे, मेतकूट आणि लसणीची कोरडी चटणी एवढ्यावर दुपार निभते, आणि सकाळ-रात्रीचे जेवण गावात होते. अशा रीतीने माझी सॅक पाण्यासह नऊ-दहा किलोंच्या पुढे जात नाही, आणि एसटीत ती मांडीवर किंवा पायांशी मावते. सॅकचे लोंबते पट्टे चढण्यापूर्वी आत खोचावेत, दाराशी ते कोणाच्या तरी पिशवीत अडकतात.

पाणी गडांवरच्या टाक्यांत मिळते, पण गाळून, शुद्धीकरणाची गोळी टाकून प्यावे. चालताना अत्तर किंवा उग्र वासाचा फवारा वापरू नये. आग्या मोहोळ याच कड्यांच्या आश्रयाने असते.

आडवाट:

दिशेविषयी थोडे वेगळे मत मांडतो. तोलार खिंडीच्या वर कातळाचा टप्पा आहे. तिथे आधारासाठी रेलिंग आहेत, तरीही पाठीवर ओझे असताना तो चढणे उतरण्यापेक्षा सोपे जाते. चौथ्या दिवशी, गुडघे बोलायला लागलेले असताना, एकट्याने तिथून उतरणे मला फारसे रुचत नाही. त्यामुळे आपला मूळ आराखडा निव्वळ डोंगराच्या दृष्टीने चुकीचा नव्हता, हे नोंदवतो. तरीही एसटीचा मुद्दा निर्णायक आहे हे मी मान्य करतो. उपाय एवढाच, की हा उतार सकाळी ताज्या पायांनी उतरावा, दव वाळल्यावर निघावे आणि कातळावर सॅकचे पट्टे घट्ट आवळून, गरज वाटल्यास कातळाकडे तोंड करून उतरावे.

वेळेचे गणित मात्र आराखड्यात फार ओढलेले आहे. या दिवसांत आपल्या भागात सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हाताशी अकरा तास. दाट जंगलात संध्याकाळी साडेपाचलाच वाट दिसेनाशी होते. कुमशेत, खिंड आणि रतनगडाचा माथा हे एका दिवसात, एकट्याने, न पाहिलेल्या वाटेने धरणे जोखमीचे आहे. उलट दिशेनेही तेच. एकट्याने चालणाऱ्याने दुपारी तीनपर्यंत मुक्कामाचे गाव दिसेल असाच दिवस आखावा. मदतकार्यात भाग घेताना जे पाहिले त्यावरून हे सांगतो. वाट चुकलेला माणूस अनेकदा उजेड असताना थांबत नाही; अंधार पडू लागल्यावर घाबरून दिसेल त्या ओढ्याने खाली उतरतो आणि कड्याच्या तोंडाशी अडकतो. सह्याद्रीच्या पश्चिम बाजूचे ओढे कोकणात कोसळतात, हे कधीही विसरू नये. वाट हरवली असे वाटले तर शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत माघारी यावे, आणि ते शक्य नसेल तर आहे तिथेच थांबावे.

घरच्या माणसाकडे एका कागदावर प्रत्येक दिवसाचे गाव, मुक्कामाच्या घराचा संपर्क आणि ‘अमुक दिवशी अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही, तर ११२ वर कळवावे’ हे लिहून ठेवा. केवळ तोंडी सांगितलेले पुरेसे नसते. शिट्टी, विजेरी आणि तिचे जादा सेल सॅकच्या वरच्या कप्प्यात असू द्या. थंडीत फोनची बॅटरी लवकर उतरते, म्हणून रात्री तो अंथरुणात घेऊन झोपावे.

पाऊलवाट:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आराखडा उलटा करतो आहे. पहिला दिवस रतनवाडीपर्यंतचा प्रवास आणि अमृतेश्वराचे मंदिर. दुसरा दिवस वाटाड्यासह कात्राबाईची खिंड आणि कुमशेत. तिसऱ्या दिवशी सकाळी पाचनई आणि दुपारनंतर हरिश्चंद्रगड. चौथ्या दिवशी तोलार खिंडीतून खिरेश्वर आणि खुबी फाटा. यात रतनगडाचा माथा वगळावा लागतो, याची रुखरुख आहे. तो दुसऱ्या दिवशीच करून पुढे जाता येणार नाही का? शेवटच्या दिवशी खुबी फाट्यावर गाडी थांबली नाही तर काय करावे?

प्रवराकाठ:

दुसऱ्या दिवशी दोन्ही करू नका. रतनगड पाहून जंगलातल्या वाटेच्या फाट्यावर परत येईपर्यंत दुपार होते आणि खिंडीचे जंगल नेमके कलत्या उन्हात वाट्याला येते. रजा एक दिवस वाढवता आली तर मात्र गड जरूर करावा. रतनवाडीतल्या घरी सॅक ठेवून केवळ पाणी आणि दशमी घेऊन निघालात, तर दुपारपर्यंत गड पाहून परत येता येईल. जानेवारीच्या स्वच्छ हवेत गडाच्या नेढ्यातून (कातळातल्या आरपार भोकातून) अलंग, मदन, कुलंग आणि १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई जितके रेखीव दिसतात तितके ते वर्षभरात क्वचितच दिसतात, म्हणून या ऋतूत गड वगळण्याचा सल्ला देणे मला जड जाते. रजा वाढत नसेल, तर वगळा.

मुक्कामी गाडी:

सुधारित आराखडा चांगला आहे. तिसऱ्या दिवसाविषयी एवढेच, की पाचनईला दुपारी बारापर्यंत पोहोचलात तरच त्या दिवशी चढा. उशीर झाला तर पाचनईतच राहा आणि चौथ्या दिवशी उजाडताच गड चढून पलीकडे उतरा. चढाईला दोन ते अडीच तास आणि उताराला सुमारे चार तास धरले तरी मंदिर, केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा यांसाठी थोडा वेळ उरतो. हा दिवस मोठा होतो, पण शेवटी महामार्ग असल्यामुळे तो परवडतो.

खिरेश्वर ते खुबी फाटा हे अंतर पाच-सहा किलोमीटर आहे, पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने. त्यासाठी सव्वा तास राखून ठेवा. फाट्यावर सगळ्याच गाड्या थांबतात असे नाही. चालकाला लांबून दिसेल अशा मोकळ्या, सरळ रस्त्याच्या भागात उजेड असताना उभे राहून हात करावा. वळणावर उभ्या असलेल्या माणसासाठी गाडी थांबवणे चालकाला शक्य नसते. तासाभरात गाडी मिळाली नाही, तर विरुद्ध दिशेच्या जीपने ओतूरला किंवा आळेफाट्याला जावे. अंतर वाढते, पण तिथे बसस्थानक आहे, कल्याणची गाडी तिथे थांबतेच आणि बसायला जागा मिळण्याची शक्यताही अधिक असते. आळेफाटा पुणे–नाशिक महामार्गावर असल्यामुळे, माळशेज घाट काही कारणाने बंद असला तरी तिथून पुण्यामार्गे परतण्याची वाट मोकळी राहते. निघण्याची तारीख ठरली की इथे कळवा. त्या आठवड्यात राजूर आणि शेंडीकडच्या कोणत्या फेऱ्या सुरू आहेत हे मी अकोले आगारात विचारून लिहीन.